स्टीलची भांडी घेताना आधी उलटी करून बघा

तुमचा प्रश्न असा आहे की नॉनस्टिक बाजूला ठेवून स्टेनलेस स्टीलची भांडी घ्यायची आहेत, पैसे बेताचे आहेत आणि ३०४, १८/१०, ट्रायप्लाय, कॉपर बॉटम हे शब्द वाचून डोकं भणभणतंय. तर बघायचं काय, आणि सात-आठ भांड्यांचा सेट एकदम घेऊन टाकावा का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: सेट घेऊ नका. मी घेतला होता.

तो सेट दिसायला मोठा देखणा होता. आरशासारखी चकाकी, काचेची झाकणं, खोक्यावर ठळक '१८/१०'. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या पातेल्यात दूध तापवलं. दूध ओतून घेतल्यावर तळाशी एक तपकिरी बांगडी दिसली, बरोबर बर्नरच्या ज्वाळेच्या मापाची. बांगडीच्या आत बूड स्वच्छ, बाहेरही स्वच्छ. घासून काढली, तर पुढच्या वेळी पुन्हा त्याच जागी उमटली. खोक्यावरचा आकडा खराही असेल. पण त्या आकड्याचा आणि दूध खाली लागण्याचा काही संबंध नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गंमत अशी आहे की स्टेनलेस स्टील उष्णता पसरवायच्या कामात अगदी मठ्ठ आहे. ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास १५ पट आणि तांबं सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. स्टीलवर जिथे ज्वाळा लागते तिथेच ते तापतं, शेजारी ऊब पोचायला वेळ लागतो आणि तोवर तापलेल्या जागी पदार्थ करपतो. म्हणून चांगलं भांडं बनवणारे स्टीलला एकटं सोडत नाहीत, बुडात दुसरा धातू घालतात. तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजता ते खरं तर या आतल्या, न दिसणाऱ्या धातूचे असतात. चकाकी शेवटच्या पॉलिशने कुठल्याही पत्र्याला आणता येते.

आतला धातू दोन तऱ्हांनी बसवतात. एक, साध्या स्टीलच्या भांड्याच्या बुडाला खालून ॲल्युमिनियमची जाड चकती बसवायची आणि तिच्यावर पुन्हा स्टीलचं आवरण चढवायचं. याला सँडविच बॉटम म्हणतात. दुसरी तऱ्हा ट्रायप्लायची: आत स्टील, मधे ॲल्युमिनियम, बाहेर स्टील असा तिपदरी पत्राच घेऊन तो साच्यात दाबून त्याचं भांडं घडवायचं, म्हणजे ॲल्युमिनियम बुडापासून काठापर्यंत सगळीकडे येतं. ट्रायप्लाय महाग पडतं आणि लोक सरसकट तेच घ्या म्हणून सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या भांड्यात पातळ पदार्थ उकळायचा, त्याच्या भिंती कशाच्या आहेत याने फार फरक पडत नाही. पाणी स्वतःच फिरत राहतं आणि उष्णता पसरवतं. तिथे जाड चकतीचं स्वस्त पातेलं झकास काम देतं. परतायचा पॅन आणि कढई यांत मात्र पदार्थ भिंतींनाही टेकतो, शिवाय ज्वाळा चकतीच्या बाहेर आली तर कडेची पातळ भिंत आधी करपवते. म्हणून पैसे साठवून एकच ट्रायप्लाय घ्यायचं असेल तर ते परतायचं भांडं असू द्या. आणि नुसतं पाणी तापवायला किंवा काही उकडायला लागणारं मोठं पातेलं एकपदरी पातळ पत्र्याचं असलं तरी काही बिघडत नाही. पाण्याला करपायचं माहीत नाही.

चकतीचं भांडं घेताना ते उलटं करा आणि चकती कुठवर येते ते बघा. ती बुडाच्या कडेपर्यंत भिडलेली हवी. माझ्या त्या सेटमधल्या पॅनची चकती कडेपासून चांगली बोटभर आत होती. म्हणजे भोवती बोटभर रुंदीचं वलय नुसत्या पत्र्याचं, आणि ज्वाळा नेमकी तिथेच चाटायची. चकतीची जाडी बाजूने डोळ्यांना दिसते; चार-पाच मिलिमीटर असेल तर छान, आणि ती नखाएवढीच पातळ असेल तर नुसती शोभा. ट्रायप्लायची एकूण जाडी २.५ मिलिमीटरच्या आसपास असली की घरच्या कामाला पुष्कळ झालं. काही ठिकाणी जाडी मिलिमीटरऐवजी गेजमध्ये सांगतात. तिथे फसू नका, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ.

वजन बघा असंही लोक सांगतात. ते अर्धंच खरं. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, त्यामुळे नुसत्या जाड स्टीलचं भांडं हातात जास्त जड लागेल आणि तरीही उष्णता नीट पसरवणार नाही. तेव्हा वजनाची तुलना एकाच बनावटीच्या आणि एकाच मापाच्या दोन भांड्यांतच करा.

कॉपर बॉटमबद्दल थोडक्यात: बुडाला बाहेरून जो तांब्याचा मुलामा दिलेला असतो तो बहुतेकदा इतका पातळ असतो की उष्णतेला त्याची जाणीवही होत नाही. काळा पडला की घासायचं काम तेवढं वाढतं. त्याच्यासाठी एक पैसा जास्त देऊ नका.

घरात एखादं भांडं आहे आणि ते कसं तापतं हे बघायचं असेल तर एक साधी गंमत करून बघा. कोरड्या भांड्यात तळ झाकेल इतकं कोरडं पीठ पातळ पसरा आणि मंद आचेवर ठेवा. ढवळायचं नाही. पाच-सहा मिनिटांत पीठ तपकिरी व्हायला लागेल, आणि ते कुठे आधी रंगतं त्यावरून बुडाचा नकाशाच तुमच्यासमोर येईल. चांगल्या भांड्यात सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी रंग चढतो. माझ्या सेटच्या पॅनमध्ये पुन्हा तीच बांगडी उमटली, मधलं पीठ तर पांढरंफटक होतं. दुकानात हे करता येत नाही हे मान्य. पण भांडं परत घेण्याची मुदत असेल तर पहिल्याच दिवशी करा. (आधी परतीचे नियम वाचा, नाहीतर वापरलेलं म्हणून घेणार नाहीत.)

आता आकडे. १८/८ किंवा १८/१० म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ किंवा १० टक्के निकेल, बाकी मुख्यतः लोखंड. ३०४ म्हणजे हाच प्रकार. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो, तो खरवडला गेला तरी हवेत पुन्हा धरतो, आणि तोच गंजापासून वाचवतो. १८/८ आणि १८/१० यांतला फरक स्वयंपाकात तुम्हाला कधी कळणार नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खारट आणि आंबट पदार्थांपुढे अधिक टिकतं. पण बेताच्या पैशांत त्याच्या मागे लागायची गरज नाही. १८/० किंवा ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतं. ते जरा लवकर डागाळतं, पण चुंबकाला चिकटतं, म्हणून इंडक्शनच्या भांड्यांत बाहेरचा थर याचाच असतो. घरात कुणाला निकेलची ॲलर्जी असेल तर हाच प्रकार शोधा.

सांभाळायचं ते २०१ आणि २०२ पासून. यात महागडं निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज घातलेलं असतं. ते विष वगैरे नाही, पण मीठ आणि ओल यांपुढे ३०४ इतकं टिकत नाही. झाकण, डबा, ताट यांना चालेल. रोज आंबट पदार्थ शिजवायच्या भांड्याला मी घेणार नाही. भांड्याच्या बुडावर ३०४ किंवा १८/८ कोरलेलं असेल तर निदान बनवणाऱ्याने लेखी काही कबूल केलंय. नुसतं 'फूड ग्रेड' किंवा 'हाय क्वालिटी स्टील' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

आणि हो, चुंबकाची परीक्षा. चुंबक चिकटला म्हणजे हलकं स्टील, नाही चिकटला म्हणजे अस्सल, ही समजूत फार पसरलीय. तिला काही अर्थ नाही. २०१ ला सुद्धा चुंबक चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ चा पत्रा ओढून वाकवला की वळणाच्या जागी तो किंचित चुंबकीय होतो. चुंबकाने एकच गोष्ट कळते: बुडाला घट्ट चिकटला तर भांडं इंडक्शनवर चालेल. खिशात टाकून न्या, पण याच कामासाठी.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. दांडा किंवा कान रिव्हेटने, म्हणजे आरपार ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, बसवलेले असतील तर भरवसा ठेवा. आतल्या बाजूला रिव्हेटभोवती मळ साचतो आणि तो घासायचा कंटाळा येतो, पण ते निखळत नाहीत. नुसत्या दोन ठिपक्यांवर वेल्ड केलेला दांडा भरल्या भांड्यासह हातात आला तर भाजण्याची वेळ येते. दांडा धरून भांडं थोडं हलवून बघा, करकर किंवा हेलकावा जाणवला तर ठेवून द्या. काठावरून बोट फिरवा, धार लागता कामा नये; काठ बाहेर वळवलेला असेल तर ओतताना थेंब ओघळत नाहीत. आणि माप बघताना लक्षात ठेवा की सांगतात तो व्यास वरच्या तोंडाचा असतो. २४ सेंटिमीटरच्या पॅनचं बूड पुष्कळदा १८ च्या आसपासच भरतं. तुमच्या शेगडीशी जुळायचं असतं ते बूड, म्हणून पट्टी न्या. लिटरचा आकडाही काठोकाठ भरल्याचा असतो, उतू न जाता मावतं त्याच्या पाऊण भागच.

सेट नको म्हणाले त्याचं कारण हेच. सेटमध्ये आठ नग मोजतात त्यातले निम्मे झाकणं असतात, एखादं भांडं इतकं लहान की त्यात काही शिजत नाही, आणि सगळ्यांचं बूड सारखंच सुमार. त्याच पैशांत एक चांगला परतायचा पॅन, एक जाड बुडाचं मध्यम पातेलं आणि एक मोठं साधं पातेलं येतं. दोन भांडी एकाच व्यासाची घेतलीत तर झाकणही एकच पुरतं.

आणखी पैसे वाचवायचे असतील तर जुनं भांडं घ्यायला लाजू नका. स्टीलला झिजणारा लेप नसतो, त्यामुळे दहा वर्षं वापरलेलं भांडं घासूनपुसून नव्यासारखं चालतं. फक्त बूड सपाट आहे का ते पट्टी आडवी धरून पाहा, आणि चकतीच्या सांध्याला फट पडलेली नाही ना ते बघा. माझा एक पॅन मी तापलेला असताना सरळ गार पाण्याखाली धरला, 'टण्ण' असा आवाज आला आणि बूड वाकलं. तेव्हापासून तो इंडक्शनवर भोवऱ्यासारखा डुलतो. असा कुणाचा डुलणारा पॅन तुमच्या गळ्यात पडू नये.

चिकटण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नॉनस्टिकवरून येताय म्हणजे आठवडाभरात विचारालच. भांडं रिकामं तापवा, पाण्याचा थेंब टाका. थेंब चरचरून उडून गेला तर अजून थांबा. तो पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळायला लागला की बूड २०० अंशांच्या आसपास आलं. आता आच कमी करा, तेल घाला, मग पदार्थ. अंड्यासाठी हे जरा जास्तच तापतं, तेव्हा तेल घालायच्या आधी मिनिटभर निवू द्या. आणि पदार्थ सुरुवातीला चिकटला तर उचकटू नका. खालची बाजू लाल झाली की तो आपणहून सुटतो.

मीठ गार पाण्यात टाकून तसंच ठेवू नका, तळाशी बसलेले खडे बारीक खड्डे पाडतात. पाणी उकळल्यावर टाका. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर घाबरू नका, तो जास्त तापल्याचा डाग आहे, व्हिनेगरने जातो. करपलेलं निघत नसेल तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून उकळा. आणि साध्या लोखंडी तारेच्या घासणीने घासलंत तर तिचे बारीक कण भांड्यावर राहतात आणि दुसऱ्या दिवशी तेच गंजतात. मी एकदा अशा तांबूस ठिपक्यांवरून दुकानदाराशी तावातावाने भांडून आले होते. तो बिचारा बरोबर होता, गंज माझ्या घासणीचा होता.