ज्युनिअर टीममध्ये नवा आलायस ना, मग हे वाच

आयर्लंडमधल्या केरी काउंटीतल्या क्लबांच्या गेलिक फुटबॉलच्या ज्युनिअर स्पर्धेला (ज्युनिअर म्हणजे वयाचा नव्हे, खालच्या पातळीचा गट) कमी लेखू नकोस. खेळायचे पैसे इथे कुणालाच मिळत नाहीत, तरी कॉलेजातला पोरगा आणि पस्तिशीतला शेतकरी एकाच जर्सीत जीव तोडून खेळतात. जिंकलं की इंटरमिजिएट गटात बढती, शिवाय मन्स्टर प्रांताची स्पर्धा, आणि तिथूनही पुढे गेलात तर थेट डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम!

तू आधी पावलं सांभाळ. चेंडू हातात धरून चार पावलांच्या वर पळता येत नाही. मग एकतर टप्पा टाकायचा, नाहीतर पायाच्या चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत, आणि नवशिक्याचा फाउल हमखास तिथेच होतो. दोन्ही पायांनी हे घोटवून घे, तेही मुद्दाम ओल्या चेंडूवर. पावसात तो साबणासारखा निसटतो.

गुणफलकावर १-१२ म्हणजे एक गोल, बारा पॉइंट. गोलचे तीन धरून एकूण १५. २०२५पासून मैदानावर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन पॉइंट मिळतात, पण त्या मोहात इतक्यात पडू नकोस. जवळच्या मोकळ्या गड्याला पास दे. माउथगार्ड मात्र सरावालाही सक्तीचं आहे, ते कायम बॅगेतच ठेव.