स्लॅबचा ठेकेदार ठरवताना

प्रश्न : नाशिकला मखमलाबादमध्ये आमच्या घरावर हजार चौरस फुटांचा स्लॅब टाकायचाय. ठेकेदार निम्मे पैसे आधी मागतो, बाकी सगळं तोंडी. काय करू? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, निम्मे आधी देऊ नका. सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा तात्पुरता आधार) लागलं, गज बांधून झाला, स्लॅब पडला, असे टप्पे कागदावर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता सेंटरिंग खोलल्यावरच द्या. मजुरीच्या दरात सेंटरिंग, मिक्सर, व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून दाबून बसवणारं यंत्र) धरलेत का, तेही लिहा.

गज बांधल्यावर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय माल, म्हणजे काँक्रीट, टाकू देऊ नका. तुम्ही स्वतः वाकून बघा, गजाखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे गज फळीपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का. माझ्या घरी ठेकेदाराने ते लावलेच नव्हते. काही वर्षांनी गज गंजून फुगले आणि स्वयंपाकघराच्या छताचा पापुद्रा ताटाशेजारी पडला. त्या दिवशी लेक तिथेच जेवत होती.

माल पडताना मिक्सरजवळून हलू नका. माल सहज पसरावा म्हणून गडी पाणी ओततात, आणि ताकद तिथेच जाते. एम-२० मिश्रणात (ही काँक्रीटच्या ताकदीची एक प्रत) सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. डबा मोजूनच द्या.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे करून पाणी भरा, निदान १० दिवस. साडेचार मीटरहून मोठा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर टेकू १४ दिवस काढू देऊ नका, ठेकेदाराला दुसऱ्या साइटची कितीही घाई असो.