दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

स्वतःच्या जगण्याविषयी रोज थोडेफार लिहिणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. त्यांतील तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाविषयी गेली वीस वर्षे लिहिते आहे. पूर्वी संगणकावर लिहीत असे, आता फोनवर लिहिते. ‘दऱ्या’ लिहायला जावे तर ‘दर्या’ उमटतो आणि डोंगराच्या वर्णनात समुद्र शिरतो. त्याहून मोठे दुःख म्हणजे २००३ पासूनची माझी दीडशे पाने आता उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. ती पाने गेली असे समजावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बाई, पाने गेलेली नाहीत. त्या काळी मराठीचे बहुतेक टंक, म्हणजे फॉन्ट, एका युक्तीवर चालत असत. संगणकात प्रत्येक रोमन अक्षराला एक क्रमांक असतो. टंक बनवणारे त्या क्रमांकाच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा बसवत, कुठे अर्धा ‘क’, कुठे नुसता काना, कुठे रफार. फाइलमध्ये साठत ते फक्त क्रमांक आणि मराठी रूप देत असे तो टंक. आता तुमच्या यंत्रावर तो टंक नसल्यामुळे त्याच क्रमांकांची मूळ रोमन अक्षरे दिसू लागली आहेत. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ त्या फाइलमध्ये जशीच्या तशी आहे.

आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. मग दुसरी प्रत संगणकावर उघडा, मजकूर निवडा आणि टंकाच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते पाहा. ते नाव कळले की त्याच टंकासाठी बनवलेला परिवर्तक, म्हणजे मजकूर बदलून देणारा प्रोग्रॅम, वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत. एकदम दीडशे पाने घालू नका. पहिल्या दहा ओळी बदला आणि डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका बहुधा ऱ्हस्व वेलांटीत, रफारात आणि जोडाक्षरांत सापडतात, आणि त्याला कारण आहे. जुन्या टंकांत सहसा वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी लिहिली जात असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर साठते. ही अदलाबदल करताना परिवर्तक कधी कधी चुकतो.

आता दऱ्यांविषयी. मराठीतला हा ‘ऱ्य’ म्हणजे ‘र्य’ लिहिण्याची निराळी तऱ्हा नव्हे, त्याने शब्दाचा अर्थ बदलतो. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ या दोन वाक्यांत घरी येणारी माणसे वेगळी आहेत. युनिकोडमध्ये खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे. त्यापुढे हलन्त आणि मग ‘य’ दिला की ‘ऱ्य’ तयार होतो. संगणकावर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक घेतला तर शिफ्टसह ‘जे’ची कळ, मग ‘डी’ची कळ आणि मग ‘य’, एवढेच करावे लागते. फोनवर एकदा योग्य शब्द तयार झाला की तो कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात साठवून ठेवावा. दऱ्या, वाऱ्या, साताऱ्याला, सुऱ्या असे तुमच्या लिखाणात वारंवार येणारे वीस-पंचवीस शब्द एका दुपारी साठवून होतील.

अशाच एका अक्षरापायी मी स्वतः एक संध्याकाळ घालवली आहे. आईच्या स्वयंपाकघराविषयी २००६ मध्ये लिहिलेले एक टिपण मला हवे होते. त्यात चेमटलेल्या काठाचे ॲल्युमिनियमचे पातेले होते, म्हणून तोच शब्द शोधत राहिले आणि टिपण सापडेना. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी आम्ही ‘अ’वर वेगळा चंद्र चढवत होतो. डोळ्यांना दोन्ही अक्षरे सारखी दिसतात, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ती भिन्न वाटू शकतात. जुन्या रीतीने शब्द लिहिताच पातेले समोर आले, आणि त्यात आई दूध तापवीत असताना खिडकीवर येणाऱ्या मांजराचाही उल्लेख होता, जो मी साफ विसरले होते. तुमच्या दीडशे पानांतही असे काही असेल. त्यासाठी हा खटाटोप जरूर करा.

प्रश्न : वडिलांच्या सायकलीवर मी एक छोटा लेख लिहिला. तीन आठवड्यांनी तोच लेख नातेवाइकांच्या फोनवरील गटात मावसभावाने मला पाठवला, माझे नाव नसलेला. शेवटी कोणीतरी आईवडिलांच्या उपकारांविषयी चार भावुक ओळी जोडल्या होत्या. लोकांना लेख आवडला याचा आनंद मानावा की रागवावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख लिहिला गेला की त्याचा हक्क लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार लेखकाला वेगळा दिलेला आहे, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास तिला आक्षेपही घेता येतो.

अर्थात मावसभावावर दावा लावा असे मी म्हणणार नाही. त्यांनाही तो लेख निनावीच मिळाला असेल. त्याच गटात मूळ लेख तारखेसह आणि नावासह पाठवा आणि शेवटच्या चार ओळी तुमच्या नाहीत हे स्पष्ट लिहा. पुढे लिहिताना तुमचे नाव केवळ शेवटी ठेवू नका, कारण कापले जाते ते शेपूटच. सायकलीच्या लेखात वडील तुम्हाला हाक मारतात असे एखादे वाक्य असते, तर तुमचे नाव लेखाच्या पोटातच राहिले असते.

त्या जोडलेल्या ओळींचे मला अधिक वाईट वाटले. तुम्ही पाठवलेल्या मूळ लेखाच्या शेवटी वडील चेनला तेल घालून हात जुन्या बनियनला पुसतात आणि तुम्ही थांबता. तो शेवट बरोबर आहे. तो बदलू नका.

प्रश्न : नोकरी, मुलाची शाळा आणि बंगळुरूची वाहतूक यांत माझा दिवस संपतो. रात्री अर्धा तास आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवते, तेवढाच काय तो माझा विरंगुळा. लिहावेसे फार वाटते, पण माझ्याकडे लिहिण्यासारखे काही घडतच नाही. (एक वाचक, बंगळुरू)

उत्तर : तुमच्या पत्रात ‘घडत नाही’ हे वाक्य गोधडीच्या वाक्याला लागूनच आले आहे, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचले.

माझी आत्या वाकळ शिवायची. आधी थर जमिनीवर पसरून, चारही कोपऱ्यांवर वजने ठेवून ती कच्चे टाके घालत असे, कारण मऊ झालेले सुती कापड सरकते आणि आत चुणी पडली तर ती मागाहून निघत नाही. मग कडेपासून धावदोरा सुरू होई आणि चौकोनामागून चौकोन घालत मध्यापर्यंत येई. चार-पाच थरांतून सुई सहज जात नाही. आत्याच्या मधल्या बोटाच्या टोकावर त्यामुळे एक पिवळट घट्टा पडलेला होता आणि आम्हा मुलांना तो दाबून पाहायला आवडत असे. हे मला आज लिहिता येते, पण त्या वाकळीत कोणाची लुगडी होती, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही आणि आता सांगणारे कोणी उरलेले नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. आठवड्यातून एका रात्री शिवणकामाच्या अर्ध्या तासातील दहा मिनिटे वहीला द्या. मोठा लेख मनात धरू नका. त्या रात्री दोरा कुठपर्यंत आला, कोणत्या साडीचे कापड विरले होते आणि ते टाळायला तुम्ही टाका कुठून वळवला, एवढेच लिहा. वरची साडी सर्वांना दिसेलच. आतल्या थरांत आईच्या कोणत्या साड्या गेल्या, त्या तिने कधी नेसल्या होत्या आणि कोणत्या साडीवर हळदीचा न निघालेला डाग आहे, हे गोधडी चारी बाजूंनी शिवून बंद होण्याआधी लिहून काढा.