सी भाषेत लिहिलेले छोटे कमांड-लाइन टूल अल्पाइन लिनक्सच्या अधिकृत पॅकेजांत कसे आणावे?

आपला प्रश्न असा आहे की, लॉगमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळी मोजणारे आपले टूल उबुंटूवर व्यवस्थित चालते आणि आता ते अल्पाइन या लहान आकाराच्या लिनक्समध्ये यावे. त्यासाठी स्टॅटिक कंपाइल केलेली, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी पोटातच असलेली, बायनरी पॅकेजमध्ये घालून दिली तर पुरेल का. पुरणार नाही. अल्पाइनला आपण तयार पॅकेज देतच नाही. आपण देतो ती ‘एपीकेबिल्ड’ नावाची शेल स्क्रिप्ट. तिच्यावरून अल्पाइन प्रकल्पाचे स्वतःचे सर्व्हर मूळ सोर्स उतरवून घेतात, प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) तो वेगळा बिल्ड करतात आणि प्रकल्पाच्या किल्लीने त्यावर सही करतात. बायनरी कोणत्या सोर्समधून तयार झाली हे कोणालाही तपासता यावे, यावर ही सारी व्यवस्था उभी आहे, आणि टूल कितीही लहान असले तरी तिला अपवाद नसावा असे माझे ठाम मत आहे.

मी अशी काही लहान टूल्स अल्पाइनसाठी पॅकेज केली आहेत. स्क्रिप्ट लिहायला फारसा वेळ लागत नाही: नाव, आवृत्ती, परवाना, सोर्सचा पत्ता, चेकसम (उतरवलेली फाइल तीच आहे हे पडताळण्याचा आकडा) आणि बिल्ड, चेक व पॅकेज ही तीन फंक्शन्स, एवढाच तिचा ऐवज. खरे काम आपल्या सोर्समध्ये करायचे असते, आणि त्याचे लेखक आपणच असल्यामुळे ते तिथेच करावे. स्क्रिप्टला पॅच जोडत बसू नये.

सुरुवात मेकफाइलपासून, म्हणजे बिल्ड व इन्स्टॉलच्या सूचनांच्या फाइलपासून करा. पॅकेज फंक्शन फाइली खऱ्या सिस्टिममध्ये टाकत नाही, तर ‘डेस्टडिर’ या व्हेरिएबलने दिलेल्या तात्पुरत्या डिरेक्टरीत टाकते. इन्स्टॉलच्या ओळीत ‘यूएसआर/लोकल/बिन’ असा पत्ता थेट लिहिलेला असेल, तर बिल्ड साध्या युजरच्या अधिकारांनी चालत असल्यामुळे तिथेच परवानगी नाकारली जाते. म्हणून त्या ओळीत पत्त्याच्या आधी ‘डेस्टडिर’ आणि मग ‘प्रीफिक्स’ ही दोन्ही व्हेरिएबल्स यायला हवीत. तसेच कंपायलरचे पर्याय ठेवणाऱ्या ‘सीफ्लॅग्ज’पुढे नुसते बरोबरचे चिन्ह असेल, तर अल्पाइनने एन्व्हायर्नमेंटमधून दिलेले सुरक्षाविषयक पर्याय गुपचूप गळून पडतात आणि बिल्ड मात्र यशस्वी दिसतो, त्या चिन्हाआधी प्रश्नचिन्ह घातले की ते पाळले जातात.

उबुंटूवर लिहिलेला कोड अडतो तो बहुधा सी लायब्ररीपाशी. अल्पाइनने २०१४ साली ३.० या आवृत्तीपासून मसल ही लायब्ररी स्वीकारली, आणि उबुंटूवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या अनेक खास सोयी तिच्यात नाहीत. चुकीचा संदेश छापण्यासाठी आपण ‘एरर’ हे फंक्शन वापरले असेल, तर त्याची हेडर फाइलच सापडणार नाही. त्याऐवजी ‘एर’ आणि ‘वॉर्न’ वापरावे. ती ग्लिबसी, मसल आणि बीएसडी सिस्टिम्स या सर्वांत आहेत. पर्याय वाचण्यासाठी ‘आर्गपी’ वापरले असेल, तर लहान टूलसाठी ‘गेटऑप्ट’वर येणेच बरे, नाहीतर एवढ्यासाठी एक जादा लायब्ररी ओढावी लागते. थ्रेड वापरत असाल तर अधिक सावध राहा: मसलमध्ये नव्या थ्रेडचा मूळ स्टॅक केवळ १२८ किलोबाइटचा असतो, त्यामुळे फंक्शनमध्ये मोठा अ‍ॅरे घोषित केलेला कोड बिनतक्रार कंपाइल होऊन चालताना कोसळतो.

चेक फंक्शन टाळू नका. एक नमुना लॉग आणि त्याचे अपेक्षित उत्तर यांची तुलना करणारी छोटी स्क्रिप्टही पुरते, फक्त ती साध्या शेलमध्ये असावी. अल्पाइनवर बॅश आपोआप येत नाही, आणि तिथल्या बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचाच्या ग्रेपला पर्लसारखे पॅटर्न कळत नाहीत.

सोर्सच्या टारबॉलबद्दल, म्हणजे एकत्र बांधलेल्या अर्काइव्ह फाइलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपोआप तयार होणाऱ्या अर्काइव्हची कॉम्प्रेशनची पद्धत बदलली, चेकसम जुळेनासे झाल्याने जगभरचे बिल्ड मोडले आणि तो बदल मागे घ्यावा लागला. म्हणून प्रत्येक रिलीझसोबत स्वतःचा टारबॉल द्यावा. पण २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या टारबॉलमध्ये, गिटमध्ये नसलेली एक दुष्ट फाइल घुसवली गेली होती, हेही ध्यानात ठेवा. यातून मार्ग असा की टारबॉल गिटच्या टॅगवरूनच (आवृत्तीच्या खुणेवरूनच) बनवावा आणि त्यात हाताने वेगळे काहीही घालू नये.

लायब्ररींवरची अवलंबित्वे ‘एबिल्ड’ हे अल्पाइनचे पॅकेज बांधणारे टूल स्वतः बायनरी वाचून नोंदवते, ती हाताने लिहू नयेत. मॅन पेज असेल तर ते ‘डॉक’ या उपपॅकेजमध्ये वेगळे काढावे, म्हणजे लहान कंटेनरवर त्याचा भार पडत नाही. हे सर्व झाले की ‘एबिल्ड -आर’ चालवून पाहा आणि एपोर्ट्सच्या (अल्पाइनच्या पॅकेज-स्क्रिप्टांच्या साठ्याच्या) गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट पाठवा. नवे पॅकेज आधी ‘टेस्टिंग’मध्ये येते आणि ते फक्त ‘एज’ ही अल्पाइनची विकासातली आवृत्ती वापरणाऱ्यांनाच मिळते. स्थिर आवृत्तीत यायचे तर ते पुढे ‘कम्युनिटी’त हलवावे लागते, आणि त्यासाठी मेंटेनर म्हणून नाव लावणाऱ्याने नव्या आवृत्त्या व सुरक्षादुरुस्त्या वेळेवर देत राहणे अपेक्षित असते.