"एवढ्या मोठ्या विद्यापीठात माझं कसं होणार?"

मी परभणीत समुपदेशन करते. जून-जुलै आला की माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हेच वाक्य असतं. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या कॉलेजांतून पदवी घेतलेली ही मुलं एम.ए., एम.एस्सी.साठी पुण्याला, मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला निघालेली असतात. घरचे म्हणतात, "होतंय सगळं, घाबरू नको." माझा अनुभव असा की या मुलांना धीर नंतर द्यावा, आधी उत्तरं द्यावीत. होस्टेल मिळेल का, असं विचारणाऱ्या मुलीला आत्मविश्वासावर चार शब्द ऐकवले तर ती मान हलवते आणि रात्री पुन्हा जागीच राहते.

तिला इथे वैशाली म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिच्या व घरच्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. जिंतूर तालुक्यातलं गाव, घरी कोरडवाहू शेती, बी.एस्सी.ला चांगले गुण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रासाठी प्रवेश परीक्षा दिली आणि यादीत नाव लागलं. घरात पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यापासून तिची झोप गेली. जेवण कमी झालं, चिडचिड वाढली. एकदा तर ती आईला म्हणाली, "मी इथंच बी.एड. करते." त्यावर वडील तिला माझ्याकडे घेऊन आले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

वैशालीकडे एक वही होती. वहीत प्रश्न. गाडी वाकडला उतरवते की शिवाजीनगरला? आधी विभागात जायचं की मुख्य इमारतीत? होस्टेल नाही मिळालं तर पहिली रात्र कुठे? मेसचे पैसे आधी भरायचे का? गावाला गेले तर खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे, कापून मिळतात का? सर इंग्रजीतच शिकवतात का? मार्कशीटवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, प्रवेश रद्द होईल का? पानंच्या पानं भरलेली. खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, हे सगळं येड्यासारखं वाटतं ना?"

मला तसं अजिबात वाटलं नाही, आणि तसंच तिला सांगितलं. वहीतला जवळपास प्रत्येक प्रश्न खरा होता. ज्याच्या घरातलं आधी कुणी विद्यापीठात गेलेलं असतं त्याला ही उत्तरं जेवताना बोलता-बोलता मिळतात. वैशालीला ती एकटीनं गोळा करायची होती. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. घरात माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही वही उघडून बसलो. सगळ्या प्रश्नांवर एकसारखा वेळ घालवायचा नाही, हे आधी ठरवलं. काही गोष्टी निघायच्या आधी, इथेच, तालुक्याच्या गावी उरकायच्या असतात. राहून गेल्या तर पुण्याहून परत खेटे घालावे लागतात.

कागदपत्रांचं तसंच होतं. तिची पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि ते जुन्या विद्यापीठाकडून घ्यावं लागतं. त्याचा अर्ज त्याच आठवड्यात करायचा असं ठरलं. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, 31 मार्चला मुदत संपते. म्हणून शहाण्या माणसानं तो एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावा. जून-जुलैत सेतूवर, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी केंद्रावर, रांग असते आणि सर्व्हर बसलेला असतो. वैशालीकडे जुनाच दाखला होता. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदतही बघायला सांगितली. आधारवर तिच्या नावात एक 'ए' जास्त पडला होता. त्यानं प्रवेश रद्द होत नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, अपार आयडी (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक), बँक खातं अशा ठिकाणी नावं जुळली नाहीत की काम अडतं, म्हणून दहावीची मार्कशीट घेऊन आधार केंद्रात जायचं. तिच्या रात्रीच्या जागरणातला मोठा वाटा या एका 'ए'चा होता, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं. दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला त्या रात्री ती झोपली.

बँकेचंही सांगते, कारण इथे फार मुलं अडकतात. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलमधून आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. बऱ्याच मुलांचं असं खातं म्हणजे शाळेत असताना उघडलेलं, केवायसीअभावी बंद पडलेलं असतं. वैशालीचंही तसंच निघालं. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारायचं आणि ते खातं चालू करून घ्यायचं, हे तिनं वडिलांबरोबर एका दिवसात केलं.

पैशाचा प्रश्न तिच्या वहीत नव्हता. मीच काढला. फी भरायची वेळ आणि पेरणीची वेळ एकच. बियाणं, खत, मजुरी, सगळा खर्च जून-जुलैत, आणि सोयाबीनचा पैसा हातात यायचा तो दसरा-दिवाळीच्या सुमाराला. शिष्यवृत्ती कधी जमा होईल याचा भरवसा नसतो. म्हणून मी प्रत्येक घराला एकच सांगते : शिष्यवृत्तीचे पैसे येणारच नाहीत असं धरून दिवाळीपर्यंतचा हिशोब मांडा. आले तर आनंदच आहे. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. विभागात, ग्रंथालयात, आवारात काही तास काम करून तासाप्रमाणे मानधन मिळतं, आणि विद्यार्थी विकास मंडळाकडे तिची चौकशी करायची असते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीही योजना आहेत : अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, अल्पभूधारकांच्या व मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, म्हणून आपल्याला कुठली लागू पडते ते निघायच्या आधीच वाचून ठेवावं.

होस्टेलचं मी तिला स्पष्ट सांगितलं. विभागात प्रवेश मिळाला म्हणजे होस्टेल मिळालं असं नाही. त्याचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, आणि यादी लागेपर्यंत तास सुरू झालेले असतात. मधले काही आठवडे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, जागा बघावी लागते : औंध, खडकी, गोखलेनगर, असं जवळपास कुठेतरी. डिपॉझिट किती, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे विचारून लिहून घ्यायचं. ओळखीच्या मुलीच्या होस्टेलच्या खोलीत पॅरासाइट म्हणून, म्हणजे नाव नसताना चोरून, राहायचा बेत मात्र करू नये. पकडलं तर दंड तिलाही होतो आणि आपल्यालाही.

मेस, खाडे, बसचा पास या प्रश्नांपुढे आम्ही नुसती खूण केली. ही उत्तरं तिथल्या सीनियरला पाच मिनिटांत विचारता येतात, आज परभणीत बसून नाही.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. "विचारता येतात" म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहीभर प्रश्नांच्या मुळाशी एक अडचण आहे : तिला अनोळखी माणसाला विचारायचीच भीती वाटते. आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळेल, तो हसेल, खेकसेल. म्हणून सगळं आधीच, घरबसल्या माहीत करून घ्यायची धडपड.

मग मी खुर्ची वळवली, टेबलावर फाइल ठेवली, मान खाली घातली आणि म्हटलं, "मी ऑफिसमधली क्लार्क. ये खिडकीपाशी."

ती समोर येऊन उभी राहिली. "मॅडम... ते..."

"काय पाहिजे?" मी वर न बघताच विचारलं.

"काही नाही," म्हणाली आणि चक्क मागे फिरली.

खोलीतल्या खोलीत, सगळं खोटं आहे हे माहीत असूनही. पुण्यातल्या खऱ्या खिडकीपाशी काय झालं असतं ते आम्हा दोघींनाही दिसलं. मग आम्ही बोलायचं वाक्य तयार केलं. त्यात आधी विभाग, मग वर्ष, मग काम : "मॅडम, मी वनस्पतीशास्त्र, एम.एस्सी. पहिलं वर्ष. होस्टेलच्या अर्जाला काय काय जोडायचं, ती यादी कुठे लावलीय?" माफी मागत सुरुवात करायची नाही, अख्खी कहाणी सांगायची नाही. समोरचा चिडका बोलला तर तो सकाळपासून शंभर जणांशी बोलतोय असं धरायचं आणि आपला प्रश्न तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारायचा. आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं. मी फोनवर बोलत राहिले, चुकीच्या खिडकीला पाठवलं, जेवणाची सुट्टी आहे म्हटलं. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "साहेब नाहीत, उद्या या." ती जागची हलली नाही. "उद्या किती वाजता, मॅडम? आणि साहेब नसले तर कुणाला भेटू?" मला मनापासून आनंद झाला.

तेवढ्यावर थांबलो नाही. परभणीतच तिला खरी कामं दिली : बँक, सेतू, एसटीचं चौकशी कार्यालय, कॉलेजचं ऑफिस. आधी सोपं, मग अवघड. वडील बाहेर उभे राहतील, आत तिनंच जायचं. ज्याची भीती वाटते ते टाळत गेलं की भीती वाढते आणि थोडं थोडं करत गेलं की ओसरते, हे समुपदेशनातलं जुनं आणि पक्कं तत्त्व आहे.

"मोठं विद्यापीठ" या शब्दाचंही ओझं होतं. खरं तर विद्यापीठ मोठं असलं तरी विद्यार्थी राहतो एका विभागात. तीच मोजकी मुलं, तेच सर-मॅडम, तेच ऑफिस, तीच प्रयोगशाळा. त्यापलीकडे जयकर ग्रंथालय, होस्टेल, मेस, आणि एखादा कागद असला की मुख्य इमारतीतल्या खिडक्या. एवढ्या वाटा पायाखाली आल्या की बाकीचं आवार फिरायला आहे. शेवटच्या भेटीत वडिलांना आत बोलावलं होतं. विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर 411 एकर आहे असं मी सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "411? आपल्या गावचं शिवार त्याच्याहून मोठं हाय की!" वैशाली पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मॅडम, समजा नाहीच जमलं तिला, तर फी वापस मिळती का?"

वैशाली त्यांच्याकडे बघतच राहिली. निकालाच्या दिवशी ते तिला म्हणाले होते, "आता मागं वळून बघायचं नाही." कौतुकानं म्हटलेलं वाक्य. तिनं त्याचा अर्थ घेतला होता की परत यायचं दार बंद. आणि आज तेच फी परतीचं विचारत होते.

उत्तर मी नीट दिलं, कारण ते प्रत्येक पालकाला माहीत असावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला 15 किंवा जास्त दिवस बाकी असताना प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण फी परत मिळते. 15 पेक्षा कमी दिवस उरले असतील तर 90 टक्के, शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांत 80 टक्के, 30 दिवसांपर्यंत 50 टक्के, त्यानंतर काही नाही. काही वर्षी आयोगानं याहून सवलतीच्या तारखा दिल्या आहेत, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघायचं. आणि मूळ कागदपत्रं संस्थेनं ठेवून घ्यायची नाहीत. तपासायची आणि तिथल्या तिथे परत द्यायची, हेही त्यातच आहे. कुणी "ओरिजिनल इथंच राहू द्या" म्हटलं तर हा नियम दाखवायचा.

मग बापलेकीत ठरलं : दिवाळीपर्यंत राहायचं, त्याआधी राहायचं की नाही हा विषय काढायचा नाही, दिवाळीत घरी बसून बोलायचं. रोज रात्री फोन, पण "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवायचा नाही. आज काय अडलं, तेही विचारायचं. रॅगिंगच्या तक्रारीसाठी चोवीस तास चालणारा 1800-180-5522 आणि मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस 14416, हे दोन नंबर दोघांच्याही फोनमध्ये घातले. दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, जगण्याचाच कंटाळा आलाय असं काही झालं तर दिवाळीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बोलायचं, हे मी दोघांकडून कबूल करून घेतलं.

वैशाली गेली. होस्टेलच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. खडकीत एका खोलीत आणखी दोघींबरोबर राहिली आणि पुढच्या यादीत नंबर लागला. त्या मधल्या आठवड्यांत ती एकदा फोनवर खूप रडली, आणि दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या ऑफिसात जाऊन प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक विचारून आली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा राहायचं की नाही हा प्रश्न कुणी काढलाच नाही. तिची आताची अडचण सेमिनारची आहे. विषय येतो, लिहिता येतं, पण वर्गापुढे इंग्रजीत बोलताना शब्द सापडत नाहीत. सध्या आम्ही सुरुवातीच्या पाच मिनिटांची तयारी मोठ्यानं म्हणून, रेकॉर्ड करून करतो आहोत. पुढची भेट सेमिनार झाल्यावर ठरली आहे.