“पाळीत दिवस राहत नाहीत ना?”

लग्नाला दीड वर्ष झालेली एक तरुणी माझ्याकडे आली, तेव्हा तिची पाळी आठवडाभर लांबली होती आणि घरी केलेल्या चाचणीत गर्भधारणा दिसली नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ती म्हणाली, “आम्ही पाळीच्या दिवसांतच जवळ येतो. तेव्हा दिवस राहत नाहीत, असं यांना मित्राने सांगितलं. मग पाळी का लांबली? आणि विटाळात संबंध ठेवल्याने काही रोग तर लागला नसेल ना?”

कालनिर्णयावर तिने केलेल्या खुणा आम्ही एकत्र पाहिल्या. तिचे चक्र बहुधा २३ दिवसांचे होते आणि रक्तस्राव सहा दिवस चाले. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी, म्हणजे तिच्या बाबतीत नवव्या दिवसाच्या आसपास, बाहेर पडते आणि शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशीच्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो, हे तिला प्रथमच कळत होते. चाचणी आठवड्याने पुन्हा करण्यास मी सांगितले.

विटाळाची भीती मात्र निराधार होती. पाळीचे रक्त म्हणजे गर्भाशयाचे अस्तर आणि रक्त. त्यात विष नसते. दोघेही निरोगी असतील आणि दोघांचीही इच्छा असेल, तर त्या दिवसांतील जवळीक अपायकारक नाही. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी यांसारखा संसर्ग असल्यास रक्तामुळे धोका वाढतो, म्हणून कंडोम वापरावा.

“आणि तुमची इच्छा?” मी विचारले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “पोटात इतकं दुखतं की उठवत नाही. पण महिन्यातले तेवढेच दिवस सुरक्षित, मग नाही कसं म्हणायचं?” रोगाच्या प्रश्नाआड खरा प्रश्न हा होता, असे मला वाटते.

पुढच्या भेटीला ती पतीला घेऊन आली. पुन्हा केलेल्या चाचणीतही गर्भधारणा नव्हती आणि दोनच दिवसांपूर्वी पाळी आली होती. तिच्या वेदनेविषयी ऐकून तो खरोखर हादरला. “तू कधी बोलली नाहीस,” तो म्हणाला. “तुम्ही कधी विचारलं नाहीत,” ती शांतपणे म्हणाली. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखते, असेही तिने तेव्हाच सांगितले. अशा दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो, म्हणून मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गर्भनिरोधनाचे साधनही तिथेच, दोघांनी मिळून निवडायचे ठरले.