सिनडला पहिल्यांदा चाललायस ना, मग ऐक

अरे सीएनआयची, म्हणजे आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, सिनड (सगळ्यात मोठी सभा) तीन वर्षांतून एकदा भरते, बिशप, पाळक आणि आपल्यासारखे साधे सभासद सगळे एकाच हॉलमध्ये, अजेंड्याचा गठ्ठा बघूनच घाम फुटतो, पण तू ट्रेनमध्येच हिशेबाची पानं वाचून पेन्सिलने खुणा कर, बाकीचे रिपोर्ट नुसते चाळलेस तरी चालतंय. माईकवर गेलास की नाव, डायोसिस (आपल्या बिशपचा इलाखा) आणि एकच मुद्दा, साक्ष द्यायला, म्हणजे देवाचे अनुभव सांगायला, लागू नकोस (मी लागलो होतो, घंटी वाजवून बसवलं). मॉडरेटरच्या, म्हणजे सीएनआयच्या प्रमुख बिशपच्या, इलेक्शनआधी चहाच्या रांगेत गोड बोलणारे बरेच भेटतील, हो हो म्हणायचं आणि मत आपलं आपण द्यायचं. हिंदी-इंग्रजीला बुजू नकोस, 1970 ला सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एक होऊन सीएनआय झाली ती आपल्या नागपुरातच की! आणि शाल घे, एसीत गारठशील.